दिसलं नाही म्हणजे संपलं असं नव्हे

संशोधनासाठी विकत आणलेली अँटिबॉडी आपण पुन्हा तपासायची नसते, असं मानणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे कारणंही आहेत. ती आधी नीट मांडतो. कंपनीनं तपासूनच माल विकलेला असतो, त्यासाठीच ती एवढे पैसे घेते. तीच अँटिबॉडी वापरून शेकड्यांनी शोधनिबंध छापून आलेले असतात, म्हणजे ती चालते. शंभर मायक्रोलिटरच्या कुपीला तीस-चाळीस हजार रुपये मोजल्यावर ती तपासण्यातच उडवायची का? शिवाय पेशीतल्या बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट हा पुण्या-बंगळूरचा विषय. जळगाव-धुळ्यानं केळी, कापूस आणि सिकलसेल पाहावं. एवढं झालं की शेवटी एक समजुतीचं वाक्य येतं: समजा नसली चांगली अँटिबॉडी, तर काय होईल? बँड दिसणार नाही, एवढंच ना!

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं आणि तेच सगळ्यांत घातक आहे. म्हणून प्रतिवाद तिथूनच सुरू करतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती ठरावीक पद्धतीनं दुमडली तरच काम करते. उष्णता वाढली, जनुकात एखादा बदल झाला किंवा पेशीवर कसला ताण आला की घडी चुकते. चुकलेल्या घडीची प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणून पेशी त्यांना आधी सावरायला बघते आणि सावरली नाहीत तर मोडीत काढते. मोडीत काढायच्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन साखळीनं चिकटवलं जातं आणि प्रोटिअसोम ही पेशीतली यंत्रणा त्याचे तुकडे करते. हा मार्ग उलगडल्याबद्दल आरॉन चिखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रोटिअसोमच्या तोंडात न मावणारे मोठे गोळे ऑटोफॅजीच्या मार्गानं जातात. त्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. हे ज्ञान कागदावर राहिलेलं नाही. प्रोटिअसोम बंद पाडणारं बॉर्टेझोमिब हे औषध अमेरिकेत २००३ साली मंजूर झालं आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर आज आपल्याकडेही ते सर्रास वापरलं जातं.

आता ही विल्हेवाट प्रयोगशाळेत मोजतात कशी, ते पाहा. पेशींना सायक्लोहेक्सिमाइड देऊन नवं प्रथिन बनणं थांबवायचं, मग तासातासानं पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट करायचा. अँटिबॉडी त्या प्रथिनाला चिकटते आणि बँड उमटतो. पहिल्या तासाचा बँड ठसठशीत, चौथ्या तासाचा फिका, आठव्या तासाचा गायब. निष्कर्ष लिहिला जातो: प्रथिनाची विल्हेवाट लागली. म्हणजे या विषयात बँड नसणं हेच उत्तर असतं. दुसऱ्या एखाद्या विषयात निकामी अँटिबॉडी संशोधकाला रिकाम्या हातानं परत पाठवते. तो चिडतो, डीलरला फोन करतो, दुसरी मागवतो. इथे ती त्याला हवा तोच निकाल हातात देते. तो खूश होतो, आलेख काढतो, प्रबंध बांधायला देतो.

बँड जाण्याची निदान तीन कारणं अशी आहेत, ज्यांचा विल्हेवाटीशी काही संबंध नाही. पहिलं, प्रथिन मोडलंच नाही, त्याचा गोळा झाला. ट्रायटनसारख्या सौम्य डिटर्जंटमध्ये गोळा विरघळत नाही, सेंट्रिफ्यूज फिरवला की तळाशी पेलेटमध्ये बसतो आणि वरचं पाणी ब्लॉटला जातं. पेलेट बेसिनमध्ये. दुसरं, अँटिबॉडी प्रथिनाच्या ज्या भागाला ओळखते त्या भागावरच युबिक्विटिन वगैरे चिकटून तो झाकला जातो. अशा वेळी बिघडलेलं प्रथिन समोर असूनही अँटिबॉडीला दिसत नाही. आणि आपण तर नेमकं बिघडलेलंच प्रथिन शोधत असतो. तिसरं, आधी उमटलेला बँडच दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाचा होता. ते मोडलं, आपलं होतं तिथेच आहे, फक्त आपण त्याला कधी पाहिलंच नाही.

उलट्या बाजूनंही फसगत होते. ऑटोफॅजी मोजायला एलसी-३ हे प्रथिन वापरतात. त्याचं दुसरं रूप वाढलं की ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहून मोकळे होणारे प्रबंध थोडे नाहीत. पण ते रूप दोन कारणांनी वाढतं: विल्हेवाटीच्या पिशव्या जास्त बनत असतात म्हणून, किंवा बनलेल्या पिशव्या पुढे रिकाम्या होत नाहीत म्हणून. पहिल्यात यंत्रणा जोरात आहे, दुसऱ्यात ती तुंबली आहे. बॅफिलोमायसिन देऊन शेवटचा टप्पा बंद करून पाहिल्याशिवाय या दोन्हींत फरक करता येत नाही. त्यात बऱ्याच अँटिबॉडी या प्रथिनाचं दुसरं रूप पहिल्यापेक्षा जास्त ठळक दाखवतात, म्हणून दोन बँडांचं प्रमाण काढणंही धोक्याचं. ऑटोफॅजीच्या संशोधकांनी २००८ पासून पुनःपुन्हा सुधारून काढलेल्या सामायिक मार्गदर्शिकेत हे सगळं सविस्तर दिलेलं आहे. ती वाचायला पैसे पडत नाहीत.

खुद्द युबिक्विटिनच्या अँटिबॉडींचंही तेच. पी-४-डी-१ ही अँटिबॉडी मोकळं युबिक्विटिनही ओळखते; एफके-२ फक्त दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं ओळखते, मग ते एकटं असो वा साखळीत; एफके-१ फक्त साखळी ओळखते. शिवाय साखळी अट्ठेचाळीसाव्या लायसिनवरून जोडलेली असेल तर ती बहुधा प्रोटिअसोमकडे जाण्याची खूण, त्रेसष्टाव्यावरून असेल तर बहुधा दुसऱ्याच कामाची. डीलरच्या कोटेशनवर या सगळ्यांपुढे एकच ओळ असते: ‘अँटी-युबिक्विटिन’. कुठली घेतली हे प्रबंधात लिहिलंच नसेल, तर ब्लॉटवरचा तो काळा ओघळ काय सांगतो हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आता ‘कंपनीनं तपासलेली असते’ या मुद्द्याकडे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून चाललेल्या ‘वायकॅरॉस’ या उपक्रमानं ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी एकाच पद्धतीनं तपासल्या. पद्धत सोपी: एका बाजूला साधी पेशी, दुसऱ्या बाजूला त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेली नॉकआउट पेशी. बँड पहिलीत दिसावा, दुसरीत दिसू नये. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी एका ना एका चाचणीत नापास झाल्या. यात कंपन्यांची मूल्यमापनं होतीच. त्या अँटिबॉडी कॅटलॉगमध्ये विकायला होत्या. निकाल समोर ठेवल्यावर त्याच कंपन्यांनी नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून घेतल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या बाबतीत कुठल्या कामाला वापरावी याची शिफारस बदलली. कंपनीचं पत्रक हा शेवटचा शब्द असता, तर खुद्द कंपनीनं तो मागे घेतला नसता.

यात कंपन्यांना चोर ठरवण्याचं कारण नाही. त्यांनी चाचणी बहुधा अशा पेशींवर केलेली असते, ज्यांत ते प्रथिन मुद्दाम भरमसाट बनवलेलं असतं. आपल्या नमुन्यात ते चिमूटभर असतं. ब्लॉटवर चालणारी अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चालेलच असं नाही, कारण ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं आणि पेशीत दुमडलेलं. सशाच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल असेल तर ससा बदलला की माल बदलतो. कॅटलॉग क्रमांक तोच, लॉट वेगळा. मोनोक्लोनलचं तंत्र कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली दिलं आणि हा प्रश्न सुटला असं वाटलं. पण २०१८ साली अशा अँटिबॉडी बनवणाऱ्या १८५ हायब्रिडोमा पेशी-वाणांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास एक तृतीयांशांत जास्तीच्या अँटिबॉडी-साखळ्या बनताना आढळल्या. आणि कंपनीनं ती तपासली तिच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत. तिथून निघून मुंबईच्या विमानतळावर, मग डीलरच्या गोदामात, मग बर्फाच्या पाकिटांसह ४५ अंशांच्या मे महिन्यात जळगावात उतरेपर्यंत तिचं काय झालं, याची हमी कुठल्याच पत्रकात नसते. जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्कचा दागिनाही मोडीला आला की सराफ कस लावूनच भाव सांगतो. त्यात हॉलमार्कचा अपमान झाला असं कुणी मानत नाही.

‘एवढे शोधनिबंध आहेत’ हा दुसरा मुद्दा. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनाचा शोध १९९६ साली लागला आणि स्तनाच्या कर्करोगात त्याची भूमिका काय यावर ढीगभर साहित्य तयार झालं. २०१७ साली स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. कसोटीला उतरली एकच. ती वापरून पाहिल्यावर स्तनाच्या निरोगी पेशींत किंवा कर्करोगात ते प्रथिन सापडेना. शोधनिबंधांच्या संख्येवरून एवढंच कळतं की ती अँटिबॉडी किती जणांनी विकत घेतली. एकानं वापरली म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं वापरली म्हणून तिसऱ्यानं, अशा रांगेत पहिल्यानं तपासलं होतं का, हे विचारायला कुणी मागे जात नाही. ‘वायकॅरॉस’च्या अहवालातही नापास अँटिबॉडींवर बेतलेले निबंध दर प्रथिनामागे सरासरी डझनभर निघाले.

तिसरा मुद्दा पैशाचा. तो खरा आहे, म्हणून त्याचा हिशेबच करतो. शंभर मायक्रोलिटरची कुपी एकास हजार या प्रमाणात वापरली, तर दहा मिलिलिटरच्या ब्लॉटला दहा मायक्रोलिटर लागतात. म्हणजे एका कुपीत दहा ब्लॉट. पाच मिलिलिटरमध्ये भागवलं तर वीस. पहिला ब्लॉट तपासणीसाठी वापरला तर कुपीचा फार तर दहावा भाग गेला, म्हणजे तीन-चार हजार रुपये. दुसऱ्या बाजूला काय आहे? विद्यार्थ्याची तीन-चार वर्षं, फेलोशिप आणि त्या चुकीच्या बँडवर विसंबून पुढे होणारं दुसऱ्यांचं काम. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रिआस प्लुकथुन यांनी शंभरावर शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यानं २०१५ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, तेव्हा जगभरात निकामी अँटिबॉडींवर दर वर्षी वाया जाणाऱ्या रकमेचा त्यांचा अंदाज ८० कोटी डॉलरचा होता. श्रीमंत प्रयोगशाळा चुकीची कुपी फेकून दुसरी मागवते. आपल्याकडे प्रकल्पाच्या पैशात एकच कुपी येते. म्हणून तपासण्याची जास्त गरज आपल्याला आहे.

बरं, तपासणी म्हणजे दर वेळी क्रिस्पर वापरून नॉकआउट पेशी बनवणं, असंही नाही. ते एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला जमणार नाही हे मान्य. पण काही गोष्टी जवळजवळ फुकट आहेत. पेलेट फेकू नका. युरिया किंवा गरम एसडीएस बफरमध्ये विरघळवून त्याच जेलवर शेजारच्या लेनमध्ये घाला. वरच्या पाण्यातला बँड कमी होताना पेलेटमधला वाढत असेल, तर तुम्ही विल्हेवाट पाहत नाही, गोळे होणं पाहत आहात. खर्च: एक लेन. एमजी-१३२ किंवा बॉर्टेझोमिब देऊन प्रोटिअसोम बंद करा; प्रथिन खरंच त्या मार्गानं जात असेल तर ते साचलं पाहिजे. साचलं नाही, तर मार्ग वेगळा आहे किंवा अँटिबॉडी आंधळी आहे. ते प्रथिन मुळातच न बनवणारी पेशी शेजारी चालवा. पेशी-वाण पुरवायला पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहेच. ब्लॉकिंग पेप्टाइडवर मात्र विसंबू नका. त्यानं बँड गेला तर अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच कळतं. तुमच्या नमुन्यात ती कशाला चिकटली होती हे कळत नाही. आणि विकत घेण्याआधी ‘वायकॅरॉस’चे अहवाल उघडा. ते सगळ्यांना मोफत आहेत. आपल्या प्रथिनाची रिकॉम्बिनंट अँटिबॉडी मिळत असेल तर ती घ्या. त्या तपासणीत रिकॉम्बिनंट सरासरीनं सरस ठरल्या, आणि त्यांच्या अमिनो आम्लांचा क्रम लिहून ठेवलेला असल्यामुळे लॉट बदलला तरी माल तोच राहतो.

बँड भलत्या जागी आला म्हणून लगेच कुपी फेकायचीही गरज नाही. विल्हेवाटीच्या अभ्यासात रोज वापरलं जाणारं पी-६२ हे प्रथिन हिशेबानं सुमारे ४८ किलोडाल्टनचं. जेलवर ते ६२ च्या आसपास धावतं आणि त्यावरूनच त्याला नाव पडलं. म्हणून ‘वजन जुळलं’ हा पुरावा नव्हे आणि ‘वजन जुळलं नाही’ हा दोषही नव्हे. प्रथिन काढून घेतल्यावर बँड जातो का, हाच प्रश्न.

उरला चौथा मुद्दा: हा खानदेशाचा विषय नाही. केळीवर बोला म्हणता, तर केळीवरच बोलतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कुकुंबर मोझॅक विषाणूचा हरण्या रोग काय असतो ते सांगावं लागत नाही. जळगावात टिश्यू कल्चरची केळी रुजली, त्यानंतर रोपं विषाणूमुक्त आहेत का हे तपासणं भाग पडलं आणि २००६ पासून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं त्याची प्रमाणीकरण पद्धतच घालून दिली. या तपासणीतली एलायझा चाचणी म्हणजे अँटिबॉडीच. तिथेही ‘दिसलं नाही’ हेच हवं असलेलं उत्तर असतं. म्हणून प्लेटवर रोगट आणि निरोगी अशा दोन्ही झाडांचे कंट्रोल घालतात. रोगट झाडाच्या खान्यात रंग आला नाही तर ती प्लेट बाद. केळीच्या रोपाला जो नियम लावतो, तो विद्यापीठाच्या प्रबंधाला लावायचा नाही, हे कुठलं शास्त्र?

आणि उष्णतेनं प्रथिनांची घडी बिघडण्याचा विषय खानदेशाचा नसेल तर कुणाचा? मे महिन्यात केळीच्या पानात काय घडतं, कुठली प्रथिनं सावरली जातात आणि कुठली मोडीत जातात, हा प्रश्न शीतकटिबंधातल्या प्रयोगशाळेपेक्षा इथल्या शेताला जास्त लागू आहे. फक्त वनस्पतींच्या बऱ्याचशा अँटिबॉडी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याचं प्रथिन वापरून बनवलेल्या असतात. केळीचं प्रथिन त्यांना ओळखता आलं नाही, तर ‘उष्णतेनं प्रथिन नष्ट झालं’ हा निष्कर्ष आयता तयार. हिवाळ्यातल्या पानाचा कंट्रोल शेजारी नसेल, तर तो खोटा आहे हे कुणालाच कळणार नाही.

सिकलसेलचंही तसंच. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलपासून शिरपूरपर्यंत हा आजार घरोघरी माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिच्यात अँटिबॉडीवर चालणाऱ्या जलद चाचण्या वापरल्या जातात. त्या पाड्यावरच्या मुलाच्या बोटाला लावण्याआधी तपासल्या पाहिजेत, याबद्दल कुणाचं दुमत नाही. सिकलसेलच्या शेजारी बीटा-थॅलेसेमिया आहे. त्यात हिमोग्लोबिनची अल्फा साखळी जोडीदाराविना उरते, बिघडते आणि रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींत साचते. प्रोटिअसोम आणि ऑटोफॅजी दोन्ही ती साफ करायला झटतात. ऑटोफॅजी सुरू करणारं अल्क-१ प्रथिन नसलेल्या थॅलेसेमिक उंदरांत हा साठा वाढतो आणि ते प्रथिन असलेल्यांना रॅपामायसिन दिलं की घटतो, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. म्हणजे उपचाराची एक वाट थेट या ‘पुण्या-बंगळूरच्या’ विषयातून जाते. आणि ही साचलेली साखळी विरघळत नाही. इथे पेलेट फेकणारी प्रयोगशाळा आजारच फेकून देते आणि ‘सुधारणा झाली’ असं लिहिते.

म्हणून मागणी साधी आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे १९९० पासूनचा स्वतःचा कारभार आहे, स्वतःचे नियम आहेत. तिथून सुरुवात करावी. प्रत्येक प्रबंधात अँटिबॉडीचा कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि सार्वजनिक नोंदणी क्रमांक असावा. बँडाचा कापलेला तुकडा न देता पूर्ण ब्लॉट परिशिष्टात छापावा. विल्हेवाटीचा दावा असेल तर पेलेटची लेन आणि प्रोटिअसोम बंद केल्याचा नमुना सक्तीचा असावा. तपासणीत नापास झालेली अँटिबॉडीही त्याच परिशिष्टात नोंदवावी. प्रबंध ‘शोधगंगा’वर जातोच, म्हणजे नंदुरबारच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याचे तीस हजार वाचतील. एकाच प्रथिनावर काम करणाऱ्या विभागांनी मिळून एकच लॉट घ्यावा आणि तो छोट्या कुप्यांत वाटून उणे वीस अंशांत ठेवावा.

राहिला व्हायवा. परीक्षकानं तिथे एकच प्रश्न विचारावा: हा बँड याच प्रथिनाचा कशावरून? उत्तरात लेन दाखवली तर पुढे जावं. उत्तरात कंपनीचं पत्रक आलं तर प्रबंध परत पाठवावा. असे चार-दोन प्रबंध परत गेले, की तपासायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न विभागात पुन्हा कुणी विचारणार नाही. पेलेटसाठी एक लेन मोकळी ठेवायला पैसे लागतच नाहीत.